जुने कागद, वीरगळ, देवाचे टाक : फोटो कसे काढावेत, कुणाला द्यावेत

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या वाचकांचे काही प्रश्न वारंवार येतात. ‘आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागदांचं गाठोडं आहे; स्कॅन करायला दिलं तर परत मिळेल का?’ ‘देवळामागच्या दगडावर अक्षरं आहेत, पण फोटोत काहीच उमटत नाही.’ ‘फोटो नेटवर टाकला तर सरकार वस्तू उचलून नेईल का?’ २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरं धुंडाळली गेली, तेव्हा अनेक घरांत पहिल्यांदाच ही गाठोडी सोडली गेली. त्यातली बरीचशी आज टेबलावर उघडी पडली आहेत आणि पुढे काय करायचं हे कुणाला ठाऊक नाही.

थोडक्यात उत्तर असं : मूळ वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्या. चांगली डिजिटल प्रतिमा काढायला ती घराबाहेर किंवा गावाबाहेर नेण्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद मिळवले. १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली जाऊ लागली, तेव्हा कागद एक तर हाताने उतरवून घ्यावा लागे, नाहीतर मागून न्यावा लागे. संशोधनासाठी दिलेले कागद परत न आल्याच्या कहाण्या जुन्या घराण्यांत आजही सांगतात, आणि त्या साऱ्याच खोट्या नाहीत. आता मात्र तुमच्या खिशातला फोन पुरेसा आहे. तो नीट वापरायला हवा.

आधी ठरवा : तुमच्याकडे नेमकं काय आहे?

वस्तू कोणत्या प्रकारची आहे यावर फोटो काढायची रीत ठरते आणि तो कुठे द्यायचा हेही ठरतं. गोंधळ इथेच सुरू होतो, म्हणून आधी वर्गवारी करा.

- पोथी : संस्कृत, प्राकृत किंवा मराठी हस्तलिखित ग्रंथ. बारामती ही कवी मोरोपंतांची (१७२९–१७९४) कर्मभूमी, त्यामुळे या भागात आर्यांची, पुराणांची, वैद्यकाची हस्तलिखितं घरांत सापडली तर नवल नाही. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झालं. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने त्याला नवं रूप देण्याची घोषणा झाली. पोथ्यांची नोंद या योजनेत होते. पुण्यातली भांडारकर प्राच्यविद्या संस्था (स्थापना १९१७) हा त्यासाठी जवळचा पत्ता.
- दप्तरी कागद : सनद, वतनपत्र, महजर, निवाडा, कर्जरोखा, हिशेबाच्या फर्दा, खासगी पत्रं. पांडुलिपी मिशनच्या व्याख्येत फर्मानं आणि महसुली कागद बसत नाहीत, म्हणून तिथे विचारून ‘नाही’ ऐकलेले लोक निराश होतात. यांचं खरं घर वेगळं : भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) किंवा राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं पुणे पुराभिलेखागार, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं पेशवे दप्तर.
- दगड : वीरगळ, सतीशिळा, गद्धेगाळ, शिलालेख, सुटी शिल्पं. यासाठी राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आणि डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग.
- धातूच्या वस्तू : देवाचे टाक, मूर्ती, ताम्रपट, शस्त्रं, नाणी.

हात लावण्यापूर्वी

कागद लॅमिनेट करू नका. हा सल्ला झेरॉक्सवाल्याकडून हमखास मिळतो आणि त्याने कागदाचा जीव जातो : उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. सेलोटेप लावू नका, इस्त्री फिरवू नका, उन्हात वाळत घालू नका. मोडी कागदांवरची शाई बहुधा काजळीची असते, ती पाण्याने पसरते. म्हणून ओल्या फडक्याने पुसणं तर मुळीच नको. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे घालायची गरज नाही. त्यांनी कडेचा स्पर्श कळत नाही आणि जीर्ण कागद फाटतो.

वाळवीने किंवा ओलीने पानं एकमेकांना चिकटली असतील तर सोडवू नका. गठ्ठा जसा आहे तसा बाहेरून फोटो काढा आणि जाणकाराची वाट पाहा.

दगडाच्या बाबतीत तीन गोष्टी टाळा : अक्षरांत खडू किंवा पीठ भरणं, तेल लावणं, तारेच्या घासणीने खरवडणं. खडूने अक्षर उठून दिसतं खरं, पण भरणारा माणूस त्याला जे दिसतं तेच अक्षर भरतो आणि पुढचा वाचणारा ती चूकच वाचतो.

मोडी कागद : खिडकीजवळचं टेबल पुरतं

थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशेजारी टेबल ठेवा. वर काळं किंवा करडं, सुरकुती नसलेलं कापड पसरा. उजेड एकाच बाजूने येत असेल तर समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, म्हणजे सावली हलकी होते. फ्लॅश बंद. वरचा पंखाही बंद, नाहीतर कागद उडेल.

फोन हातात धरू नका. दोन बाजूंना पुस्तकांच्या चवडी रचून त्यांवर आडवी पट्टी किंवा काच ठेवा आणि फोन त्यावर पालथा ठेवा. तीनशे-चारशे रुपयांचा स्टँड मिळाला तर उत्तमच. फोन कागदाशी समांतर हवा. पडद्यावर जाळी सुरू करा आणि कागदाची कड जाळीच्या रेषेला लावा. बटण दाबताना फोन हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. कॅमेऱ्याचं मुख्य भिंग वापरा. रुंद भिंगाने कडा वाकतात आणि बोटांनी झूम केलं की बारकावे जातात.

आता मापाचा हिशेब. अभिलेखागारात साधारणपणे इंचाला ३०० बिंदू ही किमान मर्यादा धरतात. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत लांबीला सुमारे ४००० बिंदू असतात. म्हणजे चौकटीत येणारी लांबी ३३ सेंटिमीटरच्या आत ठेवली तर ही मर्यादा पाळली जाते. कागद त्याहून लांब असेल तर तुकड्यांत फोटो काढा. मोडीत शब्दांमधली जागा सोडलेली नसते, ओळ सलग धावते. त्यामुळे ओळ मधूनच तोडू नका. तुकडे वरून खाली पाडा आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतल्या शेवटच्या तीन-चार ओळी पुन्हा येऊ द्या.

गुंडाळी असेल तर ती सावकाश, एका वेळी हातभरच उलगडा. कडेला वजन म्हणून स्वच्छ कापडात बांधलेल्या तांदळाच्या लहान पुरचुंड्या ठेवा. पेपरवेट किंवा दगड नको.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे :

1. मागची बाजू राहते. सरकारी मोडी कागदाच्या पाठीवर ‘रुजू’, ‘सुरू सूद’, ‘बार’ असे शेरे, तारखा आणि शिक्के असतात. कागद दप्तरातून कधी निघाला आणि त्याची नोंद झाली की नाही हे त्यांवरूनच कळतं. लांब कागद दोन-तीन बंद चिकटवून केलेला असेल तर जोडावर मागून शिक्का असतो, कुणी मधला बंद बदलू नये म्हणून. पाठ कोरी दिसली तरी तिचा फोटो घ्या.
2. स्कॅनिंगचं अॅप कागद ‘स्वच्छ’ करतं. ही अॅप पार्श्वभूमी पांढरी आणि अक्षरं काळी करून टाकतात. फिकट शेरे, शिक्क्याचा रंग, पाण्याचा डाग, खाडाखोड सगळं पुसलं जातं. साधा कॅमेरा वापरा, फिल्टर शून्य.
3. माप राहतं. प्रत्येक फोटोत कागदाच्या शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवा, कागदावर नाही.
4. फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरतात. साधा फोटो पाठवला की तो आकसतो आणि जाणकाराकडे पोचतं ते अंधुक चित्र. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.
5. गाठोड्याचा क्रम मोडतो. जुन्या दप्तरात कागद रुमालात, म्हणजे कापडाच्या बांधणीत, ठेवलेले असतात. कोणता कागद कुणाच्या शेजारी होता यालाही अर्थ आहे. म्हणून सोडण्यापूर्वी बांधलेल्या रुमालाचा फोटो घ्या, मग सोडल्यावरचा, आणि मग सापडतील त्या क्रमाने एकेक कागद. तारखेप्रमाणे लावायचा मोह आत्ता आवरा. तो क्रम नंतर संगणकावर लावता येतो.

तारीख वाचायला घाई नको, पण एक आडाखा उपयोगी पडतो. मोडी कागदांवर अनेकदा अरबी संख्याशब्दांत शुहूर सन लिहिलेला असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून एका वर्षाचा फरक पडतो. फसली सनात ५९० किंवा ५९१, शकात ७८ किंवा ७९.

वीरगळ आणि शिलालेख : उजेड तिरपा हवा

भर दुपारी समोरून काढलेल्या फोटोत वीरगळ सपाट दिसतो. कोरीव काम दिसतं ते सावलीमुळे, आणि सावली पडायला उजेड कडेने घासत यावा लागतो. त्यामुळे वेळ निवडणं हेच इथलं मुख्य काम. दगडाचं तोंड पूर्वेला असेल तर उशिराच्या सकाळी, ऊन त्यावरून निसटू लागतं तेव्हा. दक्षिणेला असेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. उत्तराभिमुख किंवा झाडाखालच्या दगडासाठी अंधार पडल्यावर जा. एकाने कॅमेरा तिपाईवर लावावा, दुसऱ्याने बॅटरी दगडाच्या कडेला, पृष्ठभागाशी अगदी लहान कोन करून धरावी. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून, एकदा खालून. चारही फोटो ठेवा. एका उजेडात न दिसणारी वेलांटी दुसऱ्या उजेडात स्पष्ट दिसते.

वीरगळ पाहायचा तो खालून वर. सर्वांत खाली लढाई किंवा गाईगुरं पळवणाऱ्यांशी झुंज, कधी आडवा पडलेला वीर. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना. त्याच्यावर शिवलिंगाची पूजा. शेंड्याला कलश, चंद्र-सूर्य. संपूर्ण दगडाचा एक फोटो, मग प्रत्येक पट्टीचा वेगळा, मग कडांचा आणि पाठीचा. दगड जमिनीत रुतलेला असेल तर उकरू नका, ‘खालचा भाग मातीत’ असं लिहून ठेवा. सतीशिळेवर काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसेल. गद्धेगाळीवरचं चित्र पाहून काहींना ते ‘अश्लील’ वाटतं आणि दगड उलटा करून ठेवला जातो. तो दानपत्र मोडणाऱ्याला दिलेला शाप आहे आणि त्यावरचा मजकूर इतिहासाला फार मोलाचा असतो. त्याचाही फोटो न संकोचता काढा.

अक्षरं फारच झिजली असतील तर आणखी एक पद्धत आहे. तिला प्रकाशदिशा बदलून केलेलं चित्रण म्हणा. ‘आरटीआय’ या नावाने ती ओळखली जाते (माहितीच्या अधिकाराशी तिचा संबंध नाही). २००१ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेतून ही कल्पना पुढे आली आणि २००५ मध्ये ग्रीसच्या समुद्रात सापडलेल्या प्राचीन अँटिकिथेरा यंत्रावरची पुसट अक्षरं तिच्या मदतीने वाचली गेली. लागतं ते एवढंच : तिपाई, दगडाशेजारी ठेवायला दोन काळ्या चकचकीत गोट्या, एक बॅटरी आणि दोरी. कॅमेरा जराही हलवायचा नाही. बॅटरी मात्र प्रत्येक फोटोला वेगळ्या दिशेने, वेगळ्या उंचीवरून धरायची. दगडापासूनचं अंतर सारखं राहावं म्हणून दोरीने मापायचं. अंतर लेखाच्या कर्णाच्या सुमारे तिप्पट. असे चाळीस ते साठ फोटो घ्यायचे. गोट्यांवरच्या चमकेवरून संगणकाला उजेडाची दिशा कळते. ‘रीलाइटलॅब’ हे मोफत सॉफ्टवेअर ते फोटो एकत्र करतं, आणि मग पडद्यावर उजेड हवा तसा फिरवून लेख वाचता येतो. बारावीतली दोन चुणचुणीत मुलं एका संध्याकाळी हे शिकतात.

वस्तू फिरवून पाहता यावी म्हणून

त्रिमिती प्रतिमेसाठी खास यंत्र लागत नाही. एकाच वस्तूचे भोवती फिरत साठ ते शंभर फोटो घ्यायचे, प्रत्येक फोटोत आधीच्याचा सत्तर-ऐंशी टक्के भाग पुन्हा यायला हवा. एक फेरी खालच्या उंचीवर, एक डोळ्यांच्या पातळीवर, एक वरून. ढगाळ दिवस सर्वांत चांगला, कारण सावल्या हलत नाहीत. दगडाशेजारी अचूक एक मीटर अंतरावर दोन खुणा ठेवल्या की पुढे माप काढता येतं. ‘मेशरूम’ मोफत आहे, पण त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असलेला संगणक लागतो. फोनवर ‘रिअॅलिटीस्कॅन’ किंवा ‘पॉलीकॅम’ चालतं. फोनवरची अॅप तुमचे फोटो कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात, म्हणून देवघरातल्या वस्तूंसाठी ती वापरू नका.

इंदापूर तालुक्यातल्या वाचकांना इथे एक सुचवावंसं वाटतं. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उजनीच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात जलाशय खाली गेला की ते वर येतं. पाणी चढतं-उतरतं तसं बांधकाम सैल होत राहतं, म्हणून तिथला प्रत्येक उन्हाळा कामाचा आहे. दरवर्षी त्याच जागांवरून, त्याच उंचीवरून फोटो घेतले तर कुठला चिरा सरकला हे सांगता येईल. ओल्या गाळात एकट्याने उतरू नका आणि शिखरावर चढू नका. ड्रोन उडवायचा विचार असेल तर ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे आधी ‘डिजिटल स्काय’वरचा नकाशा पाहा. बारामतीला विमानतळ आहे, त्यामुळे कन्हेरीसारख्या जवळच्या गावांत ही पाहणी चुकवू नका.

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं लेझर मोजमाप अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकाराने २०१० मध्ये केलं होतं. २०१९ मध्ये चर्चला आग लागली आणि पुनर्बांधणीत ती मापं कामी आली. आपल्याकडे आगीची वाट पाहावी लागत नाही. जीर्णोद्धाराची वर्गणी जमली की ऑइलपेंट आणि टाइल्स येतात. देवळाचं काम निघणार असं कळलं की त्याच आठवड्यात फोटो काढून घ्या. वीरगळ उचलून सिमेंटच्या ओट्यावर ओळीने बसवायचा बेत असेल तर तोही आधी थांबवा : दगड मूळ जागी आहे तोवरच तो तिथली हद्द किंवा लढाईची जागा सांगतो.

देवघरातले टाक, देवळातली मूर्ती

कन्हेरीचा मारुती निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ फोडण्यासाठी राज्यभर ठाऊक आहे. अशा नांदत्या देवळात फोटोआधी गुरव, पुजारी आणि ट्रस्ट यांना विचारणं हा नुसता शिष्टाचार नाही. ते नाही म्हणाले तर नाही. पूजेच्या वेळा सोडून जा, चपला आणि चामड्याचा पट्टा बाहेर ठेवा, तिपाई गाभाऱ्याबाहेरच लावा.

शेंदूरचर्चित मूर्तीची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षांचा थर कधी तरी आपोआप निखळतो आणि आतली मूळ मूर्ती दिसते. ती पुन्हा शेंदराखाली जाण्याआधी दोन-चार दिवसच मिळतात. गावाची संमती असेल तर तेवढ्यात पूर्ण फोटो घ्या. थर मुद्दाम काढायला मात्र कधीही सांगू नका. श्रद्धेचा प्रश्न आहेच, पण घाईने काढताना दगडाचा पापुद्राही सुटून येतो.

चांदीचे टाक चकाकतात आणि फोटोत पांढरा ठिपका होतो. टाकावर उजेड थेट पडू देऊ नका; खिडकीला पातळ पांढरं धोतर लावा, खाली करडा कपडा ठेवा, थोड्या कडेच्या उजेडात खंडोबाचा घोडा, भवानीचे हात स्पष्ट उठतात. फोटोसाठी म्हणून घासून चकचकीत करू नका, उठाव झिजतो.

आणि जपून राहा : फोनच्या फोटोत अनेकदा ठिकाण लपलेलं असतं. घरातल्या किंवा देवळातल्या हलवता येणाऱ्या वस्तूंचे फोटो काढताना कॅमेऱ्यातली ‘लोकेशन’ची सोय बंद करा आणि नेटवर टाकताना गावाचं नाव टाळून तालुका लिहा. मूर्तिचोर फोटो पाहूनच येतात. जमिनीत रोवलेल्या दगडांसाठी उलट : ठिकाण अचूक नोंदा.

फोटोसोबत काय लिहून ठेवायचं

फोटो काढल्याच्या दिवशीच वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा. नंतर लिहू म्हटलं की लिहिलं जात नाही.

- वस्तू, साहित्य, लांबी-रुंदी-जाडी
- कुठे आहे, कुणाच्या ताब्यात, तिथे कशी आली
- फोटो कुणी, कधी, कशाने काढला, फाइल क्रमांक
- घरात किंवा गावात त्याबद्दल काय सांगतात

शेवटची नोंद लिहिण्याऐवजी रेकॉर्ड करा. आजींना ‘ह्या दगडाला काय म्हणता, कोण पुजतं, कधी नारळ फोडता’ एवढं विचारा आणि त्यांच्याच शब्दांत ठेवा. ‘सेनापतीची समाधी’ असं पुस्तकी नाव स्वतःहून देऊ नका. तसं लोक म्हणत असतील तर ‘लोक असं म्हणतात’ असंच लिहा.

फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्या : गाव, वर्ष, क्रमांक, पुढची की मागची बाजू. मूळ फाइलला हात लावू नका. कापायचं, उजळायचं ते प्रतीवर. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरी. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका, आणि दर दिवाळीला सगळ्या फाइल उघडतात का ते तपासा.

पाहणाऱ्यांपर्यंत, आणि न पाहणाऱ्यांपर्यंतही

मोडी कागदाचा उत्तम फोटो नेटवर टाकला तरी मोडी न येणाऱ्याला तो बंदच आहे. त्याच्यासोबत देवनागरी लिप्यंतर आणि चार-पाच ओळींचा साध्या मराठीतला गोषवारा द्या. मोडी वाचणारे मिळतात. भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग चालतात. गावातल्या एकदोघांनी तो वर्ग केला तर पुढची पाच गावं त्यांच्याकडे येतील.

लिप्यंतर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर गूगलला सापडत नाही आणि दृष्टिहीनांचं वाचक सॉफ्टवेअर तो निरर्थक अक्षरांत उच्चारतं. स्कॅनचं नुसतं पीडीएफही त्याच्यासाठी मुकं असतं. म्हणून प्रत्येक प्रतिमेसोबत वर्णन लिहा. ‘सुंदर प्राचीन वीरगळ’ हे वर्णन नव्हे. असं लिहा : ‘काळ्या दगडाचा, कमरेइतका उंच वीरगळ. चार आडव्या पट्ट्या. तळाच्या पट्टीत ढाल-तलवार घेतलेला एक पुरुष उजवीकडे तोंड करून. त्याच्यासमोर दोन घोडेस्वार. पायाशी तीन गाई.’ वर्णनाचा क्रम ठरवा आणि तोच सगळीकडे पाळा. त्रिमिती फाइल असेल तर तिची वीतभर उंचीची छापील प्रतिकृती करून घेता येते. अंध विद्यार्थ्यांना ती हाताने वाचता येते, आणि खरं तर डोळस मुलंही ती आधी हातातच घेतात.

गावात दाखवायचं असेल तर ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर मोठी छापील प्रत, मोठ्या अक्षरांतला गोषवारा आणि खाली क्यूआर कोड. क्यूआर एकटा पुरत नाही. ज्यांना ही गोष्ट सर्वांत जास्त ठाऊक आहे त्या म्हाताऱ्या माणसांकडे बहुधा साधा फोन असतो.

जगासाठी खुलं करायचं तर विकिमीडिया कॉमन्स हा सोपा मार्ग. पण तिथे मुक्त परवान्याखाली दिलेलं परत घेता येत नाही, आणि कुणीही, व्यापारासाठीसुद्धा, ते वापरू शकतो. घरात यावर आधी एकमत करा. सगळंच खुलं करायला हवं असंही नाही. दत्तक, कर्ज, भाऊबंदकीचे कागद आजच्या नात्यांना झोंबू शकतात. त्यांवर ‘विचारल्यावर दाखवू’ असा शेरा मारून ठेवा.

कायदा आणि तुमचा हक्क

वस्तू जप्त होईल का? फोटो काढला किंवा नोंदणी केली म्हणून मालकी जात नाही. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं पुरावशेष ठरतात. त्यांतल्या ठरावीक प्रकारांची, म्हणजे दगड-धातूची शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं यांची, नोंदणी बंधनकारक आहे. भरपाई देऊन वस्तू संपादन करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, पण खऱ्याखुऱ्या पूजेत असलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. देवघरातल्या टाकांबद्दल घाबरू नका. खासगी व्यक्तीने पुरावशेष परदेशी नेणं गुन्हा आहे. परदेशातल्या भावाला मूळ सनद नाही, तिची फाइल पाठवा.

नांगराला काही लागलं तर? जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आधी जागेवर, मातीसकट फोटो घ्या, मग तलाठ्याला आणि तहसीलदारांना सांगा.

फोटोवर हक्क कुणाचा? काढणाऱ्याचा. मात्र तुम्ही पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क तुमचा. छायाचित्रावरचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. आजोबांच्या रोजनिशीसारख्या लेखनावर लेखकाच्या मृत्यूनंतरही वारसांचा हक्क असतो, तेव्हा सगळ्या वारसांना विचारल्याशिवाय ती खुली करू नका.

स्कॅन झालं, आता मूळ कागद कशाला? जमिनीच्या दाव्यात फोटो मुळाची जागा घेत नाही. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला असेल तर न्यायालय तो खरा असल्याचं गृहीत धरू शकतं. म्हणूनच कागद कुणाच्या घरात, कोणत्या पेटीत होता ही नोंद महत्त्वाची आहे. मूळ कागद आम्लरहित कागदाच्या घडीत, स्वच्छ सुती रुमालात, ओल नसलेल्या जागी ठेवा.

संरक्षित स्मारक असेल तर? केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीतल्या जागी तिपाई, दिवे, व्हिडिओ यांसाठी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घ्या.

कागद न्यायला कुणी आलं तर

संशोधक, विद्यार्थी, संग्राहक, कधी नातेवाईकही येतील. बहुतेकांचा हेतू चांगला असतो. तरीही लेखी पावतीशिवाय एकही कागद हलवू देऊ नका. ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दप्तरांसाठीचा उपक्रम २००४ पासून चालू आहे. त्यातसुद्धा मूळ कागद त्या त्या देशातच राहतात आणि बाहेर जाते ती डिजिटल प्रत. तोच आग्रह तुम्ही धरा. पावतीवर एवढं हवं :

- प्रत्येक कागदाचा क्रमांक आणि त्याचा तुम्ही आधीच काढलेला फोटो
- नेण्याचं कारण, परत करण्याची तारीख
- फोटो कुठे छापणार, कुठे टाकणार, तुमचं नाव कसं देणार
- उच्च दर्जाच्या सगळ्या फाइलची एक प्रत तुम्हाला मिळेल हे वचन
- दोघांच्या सह्या, एका साक्षीदाराची सही

पावती द्यायला समोरचा तयार नसेल तर त्याला चहा द्या, खिडकीजवळचं टेबल द्या आणि तिथेच बसून फोटो काढू द्या. उठण्यापूर्वी त्याच्या कार्डातल्या फाइल तुमच्या संगणकावर उतरवून घ्या आणि रुमाल स्वतःच्या हाताने बांधा.